दातांवरचे डाग : कारण, उपाय आणि आमची एक चूक

स्मरणिका म्हटली की संस्थेची वाटचाल, निकालांची परंपरा, गुणवंतांची छायाचित्रे आणि देणगीदारांविषयीची कृतज्ञता हे सारे ओघाने येते. ते यावेच. परंतु जी संस्था तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या विचारावर उभी आहे, तिच्या स्मरणिकेत शिक्षकांच्या हातून घडलेल्या एखाद्या चुकीचीही नोंद असावी, असे आम्हांस वाटते. प्रस्तुत लेखाचा विषय वरकरणी लहान आहे. हिरड्यांच्या विकारावर दिल्या जाणाऱ्या औषधी माउथवॉशमुळे दातांवर आणि जिभेवर तपकिरी डाग पडतात, ते का पडतात आणि कसे जातात, एवढाच तो विषय. मात्र हे ज्ञान वेळेवर नसल्यामुळे आम्ही एका निरपराध विद्यार्थ्यावर अन्याय केला. म्हणून हा लेख पालकांसाठी आहे तितकाच तो आमच्या शिक्षकबांधवांसाठी आणि वसतिगृहांच्या अधीक्षकांसाठीही आहे.

घडले ते असे

काही वर्षांपूर्वी इयत्ता नववीतील एक विद्यार्थी सकाळच्या वंदनेत त्रिसरण-पंचशील म्हणत असे. आवाज खणखणीत, पालीचे उच्चार स्वच्छ. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्याच्या दातांवर, विशेषतः हिरड्यांलगत, तपकिरी रेघा दिसू लागल्या. जीभही काळपट पिवळी दिसे. विदर्भात राहणाऱ्या माणसाला असे दात दिसले की त्याच्या मनात पहिला शब्द येतो तो खर्रा. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ साली बंदी आली खरी. पण सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेली पुडी कोणत्या टपरीवर मिळते, हे मुलांना आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असते. आम्ही सावध होतो आणि त्या सावधपणाचा आम्हांला थोडा अभिमानही होता.

एके सकाळी, सर्व विद्यार्थी बसलेले असताना, आम्ही त्याला पुढे बोलावले आणि तोंड उघडायला लावले. "पाचवे शील तू म्हणतोस की नुसते ओठ हलवतोस?" असे विचारले. तो म्हणाला, "सर, मी खर्रा नाही खाल्ला." याहून अधिक तो काहीच बोलला नाही. त्या न बोलण्यालाच आम्ही कबुली समजलो. दुसऱ्या दिवसापासून वंदना दुसरा विद्यार्थी म्हणू लागला.

त्याच्या आईला निरोप गेला. माउली शेतमजुरी करणारी. एका दिवसाची मजुरी बुडवून एस.टी.ने आली. तिने आमचे सगळे म्हणणे ऐकून घेतले. मुलाकडे पाहिले. मग म्हणाली, "गुरुजी, पोरानं खाल्लं असंल तर शिक्षा करा, मी काही म्हणत नाही. पण नसंल खाल्लं तर?"

या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. ते शोधण्यासाठी आम्ही मुलाला तालुक्याच्या ठिकाणी दंतवैद्यांकडे घेऊन गेलो. त्यांनी दात पाहिले आणि मुलाला एकच प्रश्न विचारला, "कोणते औषध वापरतोस?" मुलाने दप्तरातून एक बाटली काढली. आम्ही त्याला अनेक प्रश्न विचारले होते. हा एक विचारला नव्हता.

सुट्टीत गावाकडे त्याच्या हिरड्या सुजून रक्त येत होते. तिकडच्या डॉक्टरांनी दात साफ करून चौदा दिवसांसाठी औषधी माउथवॉश दिले होते. चौदा दिवस संपले, सूज गेली, पण मुलाने औषध थांबवले नाही. बाटली संपली की खाऊच्या पैशांतून तो दुसरी आणी. कारण एका वर्गमित्राने एकदा त्याला तोंडाच्या वासावरून हिणवले होते. तीन महिने तो दोन वेळा त्या औषधाने चूळ भरत होता आणि वसतिगृहाचा चहाही दोन वेळा घेत होता. शेकडो मुलांसमोर "माझ्या तोंडाला वास येतो म्हणून मी औषध घेतो" असे सांगण्यापेक्षा त्याने गप्प राहणे पत्करले. त्या वयात आम्हीही हेच केले असते.

तो विद्यार्थी आज आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी एक आहे. त्याच्या संमतीनेच हे लिहीत आहोत. नाव मात्र देत नाही.

डाग कसा पडतो

आम्ही इतिहासाचे विद्यार्थी. औषधशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. तथापि त्या दिवसानंतर दंतवैद्यांना विचारून आणि वाचून जे समजले, ते सोप्या शब्दांत मांडतो.

या औषधाचे नाव क्लोरहेक्झिडिन. १९५० च्या दशकात ते ब्रिटनमध्ये त्वचा आणि जखमा निर्जंतुक करण्यासाठी वापरात आले. दातांच्या क्षेत्रात त्याचे महत्त्व सिद्ध झाले ते डेन्मार्कमध्ये. हाराल्ड ल्योए या संशोधकाने सहकाऱ्यांसह १९६५ साली दाखवून दिले होते की निरोगी माणसांनी दात घासणे थांबवले, तर अवघ्या दोन-तीन आठवड्यांत हिरड्या सुजतात आणि पुन्हा घासू लागल्यावर बऱ्या होतात. प्रयोगात केवळ १२ जण होते. पण दातांवर साचणारा जंतूंचा चिकट थर, ज्याला प्लाक म्हणतात, तोच हिरड्यांच्या सुजेचे कारण आहे, हे त्यातून स्पष्ट झाले. पुढे १९७० साली ल्योए आणि श्योट यांनी दाखवले की ०.२ टक्के क्लोरहेक्झिडिनच्या १० मिलिलिटर द्रावाने दिवसातून दोनदा एक मिनिट चूळ भरली, तर हा थर साचतच नाही. शोध मोठा होता. परंतु दात आणि जीभ तपकिरी होतात, ही नोंदही त्याच सुरुवातीच्या वर्षांत झाली. म्हणजे गुण आणि दोष दोन्ही जगाला एकाच वेळी समजले. आम्हांला त्यांतला दोष समजायला पुढची कित्येक दशके लागली.

आता कारण पाहू. क्लोरहेक्झिडिनच्या रेणूवर धन विद्युतभार असतो. जंतूंचे बाह्य आवरण आणि दातांवरील लाळेचा पातळ पापुद्रा यांवर ऋण भार असतो. त्यामुळे हे औषध दातांना, जिभेला आणि गालांच्या आतल्या त्वचेला चिकटून राहते व कित्येक तास हळूहळू सुटत राहते. साधे खारे पाणी थुंकले की संपले; हे औषध थुंकल्यानंतरही काम करीत राहते. हाच त्याचा मोठा गुण आहे.

आणि हाच त्याचा दोषही. चहा, कॉफी यांत टॅनिनसारखी रंगद्रव्ये असतात. दाताला चिकटून बसलेल्या औषधाला ती येऊन मिळतात आणि दोहोंचा मिळून तपकिरी साका दातावर बसतो. ब्रिटनमधील दंतसंशोधकांनी पारदर्शक प्लास्टिकच्या पट्ट्या आळीपाळीने लाळेत, क्लोरहेक्झिडिनमध्ये आणि चहात बुडवून पाहिल्या, तेव्हा त्या पट्ट्याही तशाच तपकिरी झाल्या. तेथे ना हिरडी होती, ना रोग, ना तंबाखू. जिभेवरील बारीक उंचवट्यांमध्येही हाच साका अडकतो.

यावरून एक समज दूर व्हावा. "औषध आतली घाण बाहेर काढते, म्हणून दात काळे दिसतात" असे काही लोक सांगतात. ते खरे नाही. डाग म्हणजे निघालेली घाण नव्हे आणि दाताची कीडही नव्हे. औषध, चहा आणि वेळ या तीन कारणांच्या संयोगाने तो उत्पन्न होतो. कारण असेल तर कार्य, कारण गेले तर कार्यही नाही, हा प्रतीत्यसमुत्पादाचा नियम दातांनाही लागू आहे. औषध थांबवले की जिभेचा रंग काही दिवसांत किंवा आठवड्यांत आपोआप पूर्ववत होतो. दातांवरचा डाग ब्रशने पुरता निघत नाही. परंतु तो दाताच्या पृष्ठभागावरच असल्यामुळे दंतवैद्य पॉलिश करून काढू शकतात. आमच्या विद्यार्थ्याचे दात एका बैठकीत स्वच्छ झाले.

या औषधाचा आणखी एक परिणाम आहे. जिभेला चव, विशेषतः खारट चव, नीट कळेनाशी होते. त्या तीन महिन्यांत भोजनगृहातील मावशी आम्हांला सांगत असत, "हा पोरगा रोज वरणात वरून मीठ मागतो." पुरावा आमच्या ताटाशेजारीच होता. आम्ही तो ऐकला, पण त्याचा अर्थ लावला नाही.

विनयातील दोन वस्तू : दंतकाष्ठ आणि भेसज्ज

येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याला विनयपिटकाची आठवण होते. चुल्लवग्गात भगवान बुद्धांनी भिक्खूंना दंतकाष्ठाची, म्हणजे दात घासण्याच्या काडीची, अनुज्ञा दिल्याचे वर्णन आहे. तिचे पाच लाभ तेथे सांगितले आहेत : डोळ्यांना हित, तोंडाला दुर्गंधी नाही, रसवाहिन्या शुद्ध, पित्त व कफ अन्नाला झाकत नाहीत आणि जेवण रुचते. काडीची लांबीही ठरली. फार लांब काड्यांनी कोणी श्रामणेरांना मारू लागले, म्हणून कमाल आठ बोटे. फार आखूड काडी कोणाच्या घशात गेली, म्हणून किमान चार बोटे. अनुभवातून नियम घडवण्याची ही रीत पाहून मन प्रसन्न होते. सातव्या शतकात चीनहून आलेला भिक्खू इत्सिंग नालंदेत सुमारे दहा वर्षे राहिला. त्यानेही आपल्या ग्रंथात दंतकाष्ठासाठी स्वतंत्र प्रकरण लिहिले आणि वापरलेली काडी चिरून, वाकवून तिने जीभ खरवडण्याची पद्धत नोंदवून ठेवली.

विनयाचा आणखी एक नियम सांगतो की भिक्खूने कोणी दिल्याशिवाय काहीही मुखात घालू नये; अपवाद दोनच, पाणी आणि दंतकाष्ठ. ज्यांच्या पूर्वजांना ओंजळ पुढे करून, कोणी वरून पाणी ओतील याची वाट पाहावी लागली आणि ज्यांना १९२७ साली महाडच्या तळ्यावर जाऊन ते पाणी स्वतःच्या हाताने घ्यावे लागले, त्यांनी हा अपवाद दोनदा वाचावा. पाणी आणि दात घासण्याची काडी यांसाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही. त्या रोजच्या आहेत, सर्वांच्या आहेत.

भेसज्जाचे, म्हणजे औषधाचे, तसे नाही. महावग्गाच्या भेसज्जखंधकात मुळे, पाने, फळे अशी अनेक औषधे जवळ ठेवण्याची मोकळीक आहे. पण ती घ्यायची कारण असेल तेव्हाच. कारणावाचून घेतली तर तो दोष मानला आहे. तूप, लोणी, तेल, मध आणि गूळ या पाच भेसज्जांचा साठा तर सात दिवसांपेक्षा अधिक करू नये, असे बंधन आहे.

आमच्या मते या विषयाचे सार येथे आहे. काडीला मुदत नाही, औषधाला मुदत आहे. दात घासणे ही जन्माची सवय; क्लोरहेक्झिडिन हा काही दिवसांचा उपचार. विद्यार्थ्याने काही दिवसांचे औषध सवयीच्या जागी बसवले आणि त्याचा डाग दातावर उमटला. औषध वाईट नव्हते. त्याची मुदत कोणी त्याला समजावून सांगितली नव्हती.

सर्व डाग सारखे नसतात

ही चूक पुन्हा होऊ नये म्हणून डागांची थोडी ओळख करून घेऊ.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड अधिक असते. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये. बालपणी, दात घडत असताना, असे पाणी पिणाऱ्या मुलांच्या दातांवर आधी पांढुरके पट्टे आणि पुढे तपकिरी डाग दिसतात. बहुधा ते दोन्ही बाजूंच्या दातांवर सारखे असतात आणि घासून जात नाहीत. हा दोष पाण्याचा; मुलाचा किंवा आईच्या निष्काळजीपणाचा नव्हे.

रक्तवाढीसाठी दिलेल्या लोहाच्या पातळ औषधाने दात काळे दिसू शकतात. नुसत्या चहानेही थर चढतो. मशेरी म्हणजे भाजून पूड केलेला तंबाखूच; तिने दात काळे तर होतातच, शिवाय व्यसन लागते. अनेक घरांत आजी-आई अजूनही ती दात घासायचे साधन समजून वापरतात. ती बंद व्हावी, ही आमची हात जोडून विनंती आहे.

खर्रा व गुटखा यांचे डाग खरेच असतात आणि ते दुर्लक्षिण्यासारखे नाहीत. सुपारीच्या सेवनाने तोंडाची आतली त्वचा ताठर होत जाते, तिखट लागताच आग होते, तोंड पूर्वीइतके उघडत नाही. अशी लक्षणे दिसल्यास विलंब न करता डॉक्टरांकडे न्यावे. म्हणजे दक्षता हवीच. परंतु डाग ही केवळ चौकशीची सुरुवात आहे, निकाल नव्हे.

आरोप करण्यापूर्वी

कालामांना उपदेश करताना तथागतांनी ज्या गोष्टींच्या आधारे काहीही स्वीकारू नये असे सांगितले, त्यांत ऐकीव बातमी आहे, परंपरा आहे, तसेच वरवरच्या लक्षणांवरून बांधलेला तर्कही आहे. आम्ही हे सुत्त वर्गात शिकवले होते. त्या सकाळी मात्र ते विसरलो.

दुसऱ्याचा दोष सांगू इच्छिणाऱ्या भिक्खूने आधी स्वतःच्या मनात पाच गोष्टी निश्चित कराव्यात, असेही विनय सांगतो : योग्य वेळी बोलेन, सत्य तेच बोलेन, सौम्य बोलेन, हिताचे बोलेन आणि मैत्रीयुक्त चित्ताने बोलेन. आम्ही स्वतःला या पाच कसोट्यांवर तपासले. वेळ वंदनेची, म्हणजे चुकीची. गोष्ट असत्य. शब्द कठोर. हित कोणाचेच झाले नाही. मैत्री असती तर आधी एकांतात विचारले असते. पाचही कसोट्यांत आम्ही नापास झालो.

अंगावरची खूण पाहून माणसाची किंमत ठरवण्याची खोड या देशात फार जुनी आहे. तिचे चटके आपल्या समाजाने पिढ्यान्पिढ्या सोसले. ती खोड आपल्याच अंगणात, आपल्याच मुलाविरुद्ध, शिस्तीच्या नावाने उगवू शकते, हे आम्हांला त्या तपकिरी रेघांनी शिकवले.

दंतवैद्यांकडून परतल्यावर दुसऱ्या सकाळी, त्याच जागी, तितक्याच मुलांसमोर आम्ही त्या विद्यार्थ्याची क्षमा मागितली. औषध कशासाठी होते ते सांगितले नाही. ते सांगणे आमच्या अधिकारात नव्हते. इतकेच सांगितले की आरोप खोटा होता आणि चूक आमची होती. त्याच्या आईला पत्र लिहिले. त्याला वंदना पुन्हा म्हणशील का, असे विचारले. तो आठ दिवस "नको" म्हणाला. नवव्या दिवशी स्वतःहून पुढे येऊन बसला.

पालक व अधीक्षकांसाठी सूचना

१. क्लोरहेक्झिडिनचे माउथवॉश दंतवैद्यांनी सांगितल्यावाचून सुरू करू नये आणि सांगितलेल्या दिवसांपलीकडे वापरू नये. बाटलीवर सुरू केल्याची व थांबवण्याची तारीख लिहून चिकटवावी.

२. औषध पाण्यात मिसळायचे की तसेच वापरायचे, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे. ते गिळायचे नसते. ज्या लहान मुलास चूळ थुंकणे नीट जमत नाही, त्याच्या हाती ही बाटली देऊ नये.

३. टूथपेस्टमधील फेस आणणाऱ्या घटकाने या औषधाचा प्रभाव कमी होतो. म्हणून दात घासल्यावर तोंड पाण्याने स्वच्छ धुऊन निदान अर्धा तास जाऊ द्यावा, मग औषध घ्यावे.

४. औषधाची चूळ भरल्यावर लगेच चहा-कॉफी घेऊ नये. उपचाराच्या दिवसांत चहा कमी केला तर डागही कमी पडतात.

५. डाग दिसल्यास घाबरू नये. राखेने किंवा विटकरीच्या पुडीने घासू नये, त्याने दाताचे आवरण झिजते. दंतवैद्यांना दाखवावे. तोंडाला सूज, पुरळ किंवा श्वासाला त्रास झाल्यास औषध तत्काळ थांबवून दवाखाना गाठावा. असे क्वचितच घडते, पण माहीत असावे.

६. तोंडाच्या वासाचे कारण बहुधा जिभेवरचा थर आणि हिरड्यांचा विकार हे असते. दोन वेळा ब्रश आणि रोज जीभ स्वच्छ करणे हा त्यावरचा नित्य उपाय. वास टिकून राहिला तर डॉक्टर हवेत, नवी बाटली नव्हे.

७. वसतिगृहात प्रत्येक विद्यार्थ्याच्या चालू औषधांची नोंद ठेवावी. ती विचारताना मुलाला एकट्याने बोलवावे. आपल्या वसतिगृहात अशी वही आता आहे, आणि तिच्या पहिल्या पानावर कोणाचेही नाव न लिहिता त्या माउलीचा प्रश्न लिहून ठेवला आहे : "नसंल खाल्लं तर?"

मुलाच्या दातावर, अंगावर किंवा वागण्यात काही खटकले, की शिक्षेची वही उघडण्याआधी ही वही उघडावी, एवढेच आमचे सांगणे आहे.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम.